ग्वाय हानसच्या किनाऱ्यावर कयाक आणि तंबू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायडा ग्वाय हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यासमोरचा द्वीपसमूह. २०१०पर्यंत नकाशांवर तो क्वीन शार्लट आयलंड्स या नावाने असायचा. त्याच्या दक्षिण टोकाकडच्या भागाला ग्वाय हानस म्हणतात. शंभराहून जास्त बेटं, रस्ता एकही नाही, दुकान नाही, मोबाइलचा टॉवर नाही. मे ते सप्टेंबर या काळात गाइडबरोबर कयाकने, म्हणजे वल्हवायच्या लांबट होडीने, तिथे फिरता येतं आणि रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकून राहता येतं. उन्हाळ्यात मी अशा सहलींवर गाइडच्या हाताखाली काम करते, एरवी व्हँकूवरला असते. त्यामुळे मराठी मंडळींचे फोन आपसूक माझ्याकडे वळवले जातात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

तिथे पोचायचं कसं?

व्हँकूवरहून विमानाने सँडस्पिट, साधारण दोन तास. नाहीतर प्रिन्स रुपर्टहून फेरीबोटीने स्किडगेट, सात-आठ तास. ही बोट हेकेट सामुद्रधुनी ओलांडते. सामुद्रधुनी उथळ आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच चढावं. सँडस्पिट आणि स्किडगेट वेगवेगळ्या बेटांवर आहेत, मध्ये वीस मिनिटांची छोटी फेरी लागते. पुढे कयाक, सामान आणि माणसं मोटरबोटीने किंवा सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, दक्षिणेला सोडली जातात.

भारतातून येणाऱ्यांनी सहलीच्या आधी आणि नंतर एकेक दिवस मोकळा ठेवावा. धुक्यामुळे विमान रद्द होणं इथे नवलाचं नाही. स्टोव्हचा गॅस आणि अस्वलासाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, ते आम्ही इथेच घेतो.

मला पोहता येत नाही. मी आले तर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बहुधा 'हो' असतं, पण ते का, हे समजून घ्या.

समुद्री कयाक म्हणजे नदीतल्या उसळत्या पाण्यात कोलांट्या मारणारी ती बुटकी होडी नव्हे. दोघांची कयाक सहा मीटरच्या पुढे लांब आणि चांगली रुंद असते, सामान भरल्यावर तर आणखी स्थिर होते. ती सहजासहजी उलटत नाही. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर होडीला हात लावायचा नाही, हा नियम पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागू आहे.

खरा शत्रू खोल पाणी नाही, गार पाणी आहे. भर उन्हाळ्यातही समुद्र दहा ते तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतो. इथले गाइड १-१०-१ असा हिशेब शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला: गार पाणी लागताच माणूस आ वासून हवा ओढतो, तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. पुढची दहा मिनिटं हातपाय धड चालतात, जे करायचं ते तेवढ्यात. शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. यात पोहण्याचा संबंध थोडाच आहे. उत्तम पोहणाराही दहा मिनिटांनी हात उचलू शकत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी, उथळ पाण्यात, प्रत्येकाला एकदा मुद्दाम उलटं केलं जातं. कमरेभोवती जो रबरी झगा बसवतात त्याला स्प्रे-स्कर्ट म्हणतात. तो होडीच्या बैठकीचं तोंड बंद करतो. त्याच्या पुढच्या काठाला एक पट्टी असते आणि ती बाहेर राहिली आहे ना, हे निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाजवळ जाऊन हाताने तपासतो. उलटल्यावर पट्टी शोधायची, ती आधी पुढे आणि मग वर ओढायची, दोन्ही हात मांड्यांशेजारी टेकून पँट उतरवल्यासारखं होडीतून खाली सरकायचं. सगळं मिळून चार-पाच सेकंद. बाहेर आल्यावर लोक खोकतात, हसतात, आणि त्यानंतर त्यांचे खांदे सैल पडतात. दुसरी कयाक शेजारी आणून तुम्हाला परत चढवायचं, पंपाने पाणी उपसायचं, याचाही सराव तेव्हाच होतो.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा: डोकं पाण्याखाली गेलं की माझी घाबरगुंडी उडते का? उडत असेल तर येण्यापूर्वी गावातल्या तरणतलावात उथळ बाजूला थोडे दिवस बुड्या मारा. तरीही भीती गेली नाही तर मोटरबोटीच्या सहली असतात. त्याही सुंदर असतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दंडात ताकद नाही. दिवसभर वल्हवणं जमेल का?

वल्हं दंडाने मारायचं नसतं, कमरेतून वळून मारायचं असतं. पहिल्या दिवशी सगळे दंडाने मारतात आणि रात्री चमचा उचलताना कण्हतात. दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुधारतात. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, दिवसाचं अंतर साधारण दहा ते पंधरा, मध्ये उतरणं-खाणं-लोळणं. गुडघ्यांचं मात्र आधी सांगा. होडीत बसण्यापेक्षा शेवाळलेल्या दगडांवरून सामान वाहणं जास्त जड जातं. भरलेली कयाक उचलायला चारजण लागतात आणि ते काम रोज दोनदा असतं.

रोजचं वेळापत्रक आधी मिळेल का?

नाही. ही टाळाटाळ नाही. वेळापत्रक असतं, फक्त ते आम्ही लिहीत नाही. ते भरतीचा तक्ता आणि वारा मिळून लिहितात.

एक उदाहरण देते. समजा, उद्या एका अरुंद खाडीतून पलीकडे जायचं आहे आणि तिथे पाणी पुरेसं असतं सकाळी नऊ ते अकरा. म्हणजे नऊला तोंडाशी पोचायला हवं. त्याआधी तासभर वल्हवणं, त्याआधी होड्या भरायला दीड तास, त्याआधी चहा-नाश्ता. म्हणजे पाचला उठायचं. रात्री रेडिओवर अंदाज आला की दुपारनंतर वायव्येचा वारा वाढणार, तर चारला. सकाळी उठून पाहिलं आणि पलीकडच्या टोकावर पांढरे घोडे, म्हणजे फेसाळत्या लाटांचे शेंडे, दिसले, तर पुन्हा झोपायचं. असा दिवस एका जागी गेला की काहीजण कुरकुरतात की पैसे वाया गेले. माझ्या मते ज्या गाइडने अशा दिवशी बसवून ठेवलं त्याचेच पैसे वसूल झाले. वीस नॉटच्या वाऱ्यात लोकांना 'चला, जमेल' म्हणणारा गाइड उत्साही वाटतो, पण त्याच्या होडीत मी बसणार नाही.

आठ दिवसांच्या सहलीत एक-दोन दिवस असे बसून जातील, हे धरूनच आखणी असते. म्हणून 'अमुक बेट नक्की दाखवाल ना?' याचंही उत्तर देता येत नाही. विशेषतः दक्षिणेकडे. तिथलं केप सेंट जेम्स हे कॅनडाच्या अतिशय वादळी टोकांपैकी एक आहे आणि त्याच्या आसपासचा समुद्र कधी खुला असतो, कधी नसतो.

भरती-ओहोटीचा इतका बाऊ कशाला?

मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येणार असली की महापालिका इशारा देते, बातमी होते. इथे मोठ्या उधाणाला पाणी सात मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दोन मजली घराएवढं, आणि दिवसातून दोनदा. सकाळी जिथे होडी पाण्याला लागून होती तिथे सहा तासांनी तिच्यापुढे दीडशे पावलांचा शेवाळी कातळ पसरलेला असतो.

कोकणातल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), सुकती (ओहोटी) हे शब्द त्याच्या तोंडात असतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे गणित इथेही तंतोतंत तेच, कारण चंद्र तोच. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशेब मात्र इथे जसाच्या तसा लावू नका. एकाच दिवशी वेगवेगळ्या खाड्यांमध्ये वेळा पुढेमागे होतात, आणि दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. उन्हाळ्यात मोठी भरती बहुधा रात्रीची असते. दुपारी पाहून 'इथवरच येतं पाणी' असं ठरवलं तर मध्यरात्री अंथरूण ओलं.

मग तंबू कुठे लावायचा?

आखलेल्या जागा नाहीत, ओटे नाहीत, पाट्या नाहीत. शेवटच्या भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची रेघ बघायची, ती सुकलेली आहे की ओली ते बघायचं, तक्त्यात आज रात्रीचा आकडा बघायचा आणि मग रेघेच्या वर, ओंडक्यांच्या मागे किंवा झाडांच्या कडेला जागा पकडायची. जंगलातली मॉस गादीसारखी दिसते म्हणून तिच्यात खोल घुसू नका. ती तुडवली गेली की भरून यायला वर्षं लागतात.

कयाकसुद्धा रात्री वर ओढून झाडाला बांधतो. होडी गेली तर पायी परत जायला वाट नाही.

शेकोटी पेटवलीच तर भरतीच्या रेघेखाली, म्हणजे राख समुद्रच नेतो. मे-जूनमध्ये काही किनाऱ्यांवर तीही नाही आणि कंदीलही झाकलेला. एन्शंट मरलेट नावाचा छोटा समुद्रपक्षी या बेटांवर बिळांत अंडी घालतो. जगातल्या सुमारे निम्म्या मरलेटांची घरटी हायडा ग्वायवर आहेत. पिल्लं दोन-तीन दिवसांची झाली की रात्री अंधारात बिळातून निघून थेट समुद्राकडे धावत सुटतात. आईबाप पाण्यातून हाका मारत असतात. उजेड दिसला तर पक्षी बिचकतात, भरकटतात. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी आधीच त्यांच्या वसाहतींची वाट लावली आहे, निदान आपण तरी भर घालू नये.

संडासाचं काय?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून विचारतात. तंबूंपासून आणि ओढ्यापासून दूर, जिथे लाटांची ये-जा चांगली आहे अशा जागी, भरतीच्या रेघेच्या बरंच खाली. पुढची भरती सगळं धुऊन नेते. कागद टाकायचा नाही, तो पिशवीत घालून परत आणायचा. आपल्याकडे पाण्याची सवय असल्याने या बाबतीत आपण इतरांच्या एक पाऊल पुढेच असतो. तांब्याऐवजी एक प्लास्टिकची बाटली आणा. पाळीच्या दिवसांत येणाऱ्यांनी बिनधास्त या. मला किंवा महिला गाइडला आधी सांगितलं की वेगळी झाकणाची पिशवी देतो. अस्वलांच्या भीतीने सहल रद्द करण्याचं कारण नाही.

आंघोळ?

समुद्रात, हिंमत असेल तर. नाहीतर ओल्या फडक्याने अंग पुसणं. गरम पाण्याच्या बेटाबद्दल वाचून लोक विचारतात: हॉटस्प्रिंग आयलंडवर समुद्रकाठीच गरम पाण्याची कुंडं आहेत, वज्रेश्वरी-गणेशपुरीची आठवण यावी अशी. २७ ऑक्टोबर २०१२ला हायडा ग्वायच्या पश्चिमेला साडेसातहून मोठा भूकंप झाला आणि ते झरे आटले. जमिनीखालचे मार्ग बदलले असणार. पुढच्या काही वर्षांत ऊब आणि पाणी हळूहळू परतलं. वाटेत हे बेट लागलं तर जाऊ, कुंडात उतरता येईल की नाही ते तिथे उन्हाळाभर राहणारे हायडा राखणदार सांगतील (हायडा म्हणजे या बेटांचे मूळ रहिवासी).

मी शुद्ध शाकाहारी आहे. खायला मिळेल का?

मिळेल, फक्त नाव नोंदवतानाच सांगा. बहुतेक गाइड शाकाहारी स्वयंपाक नीट करतात, पण चौथ्या दिवशी पास्ता बघून आपल्या माणसाचा चेहरा उतरतो हे मी पाहिलं आहे. तेव्हा थोडी भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, लसणीची कोरडी चटणी आणा. पावसात भिजून किनाऱ्यावर उतरल्यावर ताडपत्रीखाली वाफाळतं पिठलं मिळालं की जर्मन आणि कॅनेडियन पाहुणेही ताटली पुढे करतात. फोडणी मात्र तंबूंपासून लांब, भरतीच्या रेघेखाली. हिंगाचा वास आपल्यालाच खेचतो असं नाही.

प्यायचं पाणी ओढ्यातून घेतो. ते चहासारखं तपकिरी दिसतं, कुजलेल्या पानांचा आणि सालींचा रंग उतरलेला असतो. गाळून, निर्जंतुक करून प्यायचं. चवीला काही वाईट नाही.

तिसऱ्या-कालवं गोळा करून खाता येतील का?

नाही. मालवणी मित्रांनो, तुम्हालाच सांगतेय. सुकतीला दगडांवर जे दिसतं ते पाहून हात शिवशिवतात, मला कळतं. पण या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवालामुळे शिंपल्यांत लकवा आणणारं विष साठतं. ते शिजवून जात नाही, वासाने-रंगाने ओळखू येत नाही, आणि श्वासाचे स्नायू बंद पाडू शकतं. परवान्याने गळ टाकून मासा पकडता येतो, पण तिथेही बंदी असलेली क्षेत्रं आहेत. ते गाइडला विचारूनच.

अस्वलं आहेत म्हणे?

आहेत, काळी अस्वलं. मुख्य भूमीवरच्यांपेक्षा अंगापिंडाने मोठी, इथलीच वेगळी उपजात. ग्रिझली नाहीत, लांडगे नाहीत. सुकतीला अस्वल किनाऱ्यावर येऊन दगड उलटून खेकडे खातं. होडीतून लांबूनच ते बघणं हा सहलीतला उत्तम भाग असतो. जेवण, टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, वास असलेलं सगळं रात्री डब्यात बंद किंवा झाडावर टांगलेलं. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. 'एकच चिक्की होती' हे कारण अस्वलाला चालत नाही.

आणखी काय काय दिसेल?

हंपबॅक देवमासे, सी लायन, सील, बाल्ड ईगल बहुधा दिसतातच. ओर्का नशिबावर. ऑगस्टच्या अंधाऱ्या रात्री वल्ह्याला लागून पाणी चमकतं.

पण मला विचाराल तर बर्नबी नॅरोज. मोर्सबी आणि बर्नबी बेटांमधली ही चिंचोळी वाट मोठ्या सुकतीला जवळजवळ कोरडी पडते. पाणी गुडघाभर उरलेलं असताना तिच्यावरून तरंगत जायचं. वल्हं मारायचं नाही, प्रवाह नेतो तसं जायचं. कडेवरून वाकून बघितलं की तळ दिसतो आणि तळ जागा शिल्लक ठेवत नाही. नारिंगी, जांभळे, विटकरी, करडे बॅट स्टार नावाचे तारामासे, ज्यांच्या पाच हातांमध्ये पडदा असल्यासारखा असतो. ते एकावर एक चढलेले. मुठीएवढ्या गोगलगायी वाळूत अर्ध्या रुतलेल्या. एक खेकडा पाठीवर शेवाळाचा तुकडा मिरवत निघालेला. समुद्रफुलांच्या मिशा प्रवाहाबरोबर एकाच बाजूला वळलेल्या. इतकं सगळं इथे का जमतं? कारण दोन्ही बाजूंची भरती या अरुंद तोंडातून आत-बाहेर करते आणि अन्न सतत वाहत येतं. बसल्या जागी जेवण मिळतं. इथे होडीतून उतरायचं नाही, पाय पडेल तिथे काहीतरी जिवंतच असतं.

तिथे कोणी राहत नाही ना? मग परवानग्या कसल्या?

राहत होते. हजारो वर्षं. हायडा लोकांची गावं या किनाऱ्यांवर होती. १८६२ची देवीची साथ त्यांच्यात शिरली आणि पुढच्या काही दशकांत बेटांवरची एकूण हायडा लोकसंख्या सहाशेच्या आसपास उरली. वाचलेले उत्तरेला स्किडगेट आणि मॅसेटला जमले. म्हणजे तुम्हाला जे निर्जन रान वाटतं ते ओस पडलेलं घर आहे आणि घरमालक जिवंत आहेत. कामाच्या निमित्ताने मी इथे येत राहते, आणि दर वेळी वाटतं की माहितीपत्रकांतला 'अस्पर्शित निसर्ग' हा शब्दप्रयोग काढून टाकायला हवा. जंगलात नीट पाहिलं तर जुन्या सीडरच्या बुंध्यांवर साल सोलून काढल्याचे लांब, उभे वण दिसतात. झाड जिवंत ठेवून साल न्यायची, हे कुणाच्या तरी हाताचं काम आहे.

मालकी त्यांनी भांडून राखली. १९८५ साली लायल बेटावर चाललेली लाकूडतोड अडवण्यासाठी हायडा लोक रस्त्यावर उभे राहिले. ७२ जणांना अटक झाली, त्यांत वयोवृद्ध माणसंही होती. १९९३चा करार झाला, आणि आज ग्वाय हानसचा कारभार हायडा आणि कॅनडा सरकारचे समसमान प्रतिनिधी मिळून चालवतात. २०२४ साली ब्रिटिश कोलंबिया सरकारने संपूर्ण हायडा ग्वायवर हायडांचा हक्क करार करून मान्य केला. लायल बेटावरच्या विंडी बेला २०१३ साली एक नवा कोरीव खांब उभारला गेला. सव्वाशेहून जास्त वर्षांत या भागात उभा राहिलेला तो पहिला.

म्हणून परवानगी. प्रवेशापूर्वी प्रत्येकाला माहितीसत्राला बसावंच लागतं. पाच जुन्या गावांच्या आणि महत्त्वाच्या जागांवर उन्हाळाभर हायडा वॉचमेन, म्हणजे राखणदार, राहतात. स्वयंसेवकांनी १९८१ साली हे काम सुरू केलं. किनाऱ्याला लागण्याआधी रेडिओवरून विचारायचं: येऊ का? 'या' म्हणाले की जायचं, 'थांबा' म्हणाले की लाटांवर डुलत थांबायचं, कारण एका वेळी बाराच माणसं वर असू शकतात.

स्गंग ग्वायला नेमकं काय आहे?

दक्षिण टोकाजवळचं एक छोटं बेट. तिथल्या गावाच्या समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या सीडरच्या कोरीव खांबांमुळे १९८१ साली ते जागतिक वारसा ठरलं. बरेच खांब अंत्यसंस्काराचे आहेत, वरच्या पोकळीत मृताची पेटी ठेवली जायची. शिंपल्यांनी आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, खांबाला हात लावायचा नाही. राखणदार जे सांगतील ते ऐकायचं. काही कुटुंबाच्या गोष्टी असतात, त्या सांगायच्या की नाही हे त्यांचं ते ठरवतात.

लोक हमखास विचारतात की खांब वाकलेत, चिरलेत, त्यांवर झाडं उगवली आहेत, मग संग्रहालयात का नेत नाहीत? पूर्वी काही नेलेही. पण हायडा रीतीप्रमाणे खांब उभारला जातो, उभा राहतो, पडतो आणि मातीत जातो. दुरुस्तीच्या नावाखाली त्याला कायम उभं ठेवणं हा त्यांचा हट्ट नाही. निघताना 'हावा' म्हणा, म्हणजे आभार. उच्चार चुकला तरी हरकत नाही, पण राखणदारांच्या घराचा फोटो न विचारता काढू नका. ड्रोन तर आणूच नका, परवानगीशिवाय बंदी आहे.

पाऊस किती? कपडे काय आणू?

पाऊस पडणार. मुंबईसारखा कोसळणारा नाही, गार, बारीक, चिवट. तापमान उन्हाळ्यात बारा ते अठरा. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा, ओलं सूत अंगातली ऊब शोषून घेतं. लोकर किंवा फ्लीस, वर जलरोधक जॅकेट-पँट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. रात्रीचा एक कोरडा जोड ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, बांधलेला, तो दिवसा काहीही झालं तरी उघडायचा नाही. कानटोपी आणाच.

कोणी आजारी पडलं तर?

गाइडकडे रेडिओ आणि उपग्रहावरून चालणारं उपकरण असतं, सगळे प्रथमोपचार शिकलेले असतात. मदत येते, पण हवा चांगली असेल तेव्हा. कधी काही तास, कधी दुसरा दिवस. म्हणून मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचं जुनं काही, सगळं आधीच सांगा. तुम्हाला वगळण्यासाठी विचारत नाही. औषधांचे दोन संच करा, दोन वेगवेगळ्या होड्यांत ठेवा.

मुलांना आणता येईल?

प्रत्येक संस्थेची वयाची अट वेगळी. माझं मत: पावसात तासभर न चिडता बसू शकणारं मूल येऊ शकतं. या कसोटीवर काही बाबालोकही नापास होतात.

खर्च किती?

आठवड्याच्या सहलीला माणशी काही हजार कॅनेडियन डॉलर, विमान वेगळं. महाग आहे. पैसा मुख्यतः मोटरबोट-सीप्लेनची ने-आण, विमा आणि थोड्या माणसांमागे दिलेले गाइड यांत जातो. स्वस्त सहल दिसली तर एका गाइडमागे किती माणसं आणि दक्षिणेपर्यंत ने-आण धरली आहे का, एवढं विचारा.

गाइडशिवाय जाऊ शकतो का?

कायद्याने हो, परवाना आणि माहितीसत्र करून. पण ज्यांनी गार समुद्रात स्वतःला आणि दुसऱ्याला होडीत परत चढवलेलं नाही, त्यांनी जाऊ नये.

घरी सराव काय करू?

धरणाच्या किंवा खाडीच्या शांत पाण्यात वल्हवून बघा, पाठ ताणायचे व्यायाम करा, मांडी घालून जमिनीवर बसून जेवा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, तिथे खुर्ची नाही.

चष्मा आहे. चालेल?

दोरी बांधा. दुसरा जोड ड्राय बॅगमध्ये.